भीमगीतांचा कार्यक्रम टिपायचा, तर यंत्र कोणते घ्यावे?



एप्रिल महिना जवळ आला की जयंती मंडळांच्या बैठका सुरू होतात. वर्गणी किती जमली, मंडप कोणाचा, गायन पार्टी कुठली बोलवायची, साऊंड कोणाचा, जेवणाला माणसे किती, असा सगळा हिशोब वहीत मांडला जातो. अशा बैठकीत हल्ली एखादा तरुण विचारतो, "दादा, यंदा कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग करायचे का?" त्यावर ठरलेले उत्तर येते, "त्यात काय करायचे? मोबाईल आहेत की सगळ्यांच्या खिशात." आणि विषय तिथेच संपतो. आजच्या लेखात हा संपलेला विषय पुन्हा उघडायचा आहे. गाण्याचा कार्यक्रम नीट टिपायचा असेल तर कोणते यंत्र घ्यावे, ते कुठे ठेवावे आणि टिपलेले कसे जपावे, हे आपण साध्या भाषेत पाहू.

आधी गरज कशासाठी, ते पाहू. बाबासाहेबांचा विचार खेडोपाडी पोचवला तो जलशांनी. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९३० च्या दशकात गावोगाव जलसे केले. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणाल्याचे सांगितले जाते. त्या जलशांविषयी आज आपण पुस्तकात वाचू शकतो. पण रात्र रात्र चाललेल्या त्या जलशांत ढोलकीची थाप कशी पडत होती, कुठल्या ओळीला लोक उठून उभे राहत होते, हे ऐकायला कुठे मिळणार? त्या काळी ध्वनिमुद्रणाचे यंत्र श्रीमंत कंपन्यांकडे आणि आकाशवाणीकडे असे. वस्तीत ते येणार कुठून? १९५५ साली बीबीसीने बाबासाहेबांची मुलाखत ध्वनिमुद्रित केली, म्हणून त्यांचा आवाज आपली नातवंडेही ऐकू शकतात. यंत्र हजर होते, एवढाच काय तो फरक.

दुसरे उदाहरण विलास घोगरे यांचे. मुंबईच्या झोपडपट्टीवासीयांवर आनंद पटवर्धन यांनी १९८५ साली 'हमारा शहर' हा माहितीपट केला, त्यात या शाहिराचे गाणे टिपले गेले. जुलै १९९७ मध्ये रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. पुढे २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटातून महाराष्ट्राने त्यांना पुन्हा ऐकले. त्या एका दिवशी कोणीतरी यंत्र सुरू केले नसते, तर आज आपल्या हाती काय राहिले असते?

कोणी म्हणेल, भीमगीतांच्या कॅसेटी तर हजारोंनी निघाल्या. खरे आहे. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घराघरांत पोचले. पण कंपनी तेच काढते जे खपते. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या गायकाने नामांतराच्या लढ्यावर स्वतः रचलेला पोवाडा, दुय्यम सामन्यात समोरच्या पार्टीला जागेवर जोडून दिलेले उत्तर, आजीने पाळण्यावर म्हटलेले भीमाचे गाणे, हे कुठल्या कंपनीच्या कॅसेटीत येणार? वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) गावोगाव हिंडले आणि गात राहिले. त्यांची गाणी लोकांनी वह्यांत उतरवून घेतली, पाठ केली, म्हणून टिकली. शब्द वहीत राहतो, पण चाल आणि गळा वहीत राहत नाही. तो टिपावा लागतो.

मोबाईल का पुरत नाही?

मोबाईलचा माइक मुळात बोलण्यासाठी बनवलेला असतो. माणूस हळू बोलला तर आवाज वाढवायचा आणि जोरात बोलला तर दाबायचा, हे काम तो आपोआप करतो. बोलण्यासाठी हे सोयीचे, पण गाण्याचा त्याने घात होतो. ढोलकीची जोरदार थाप पडली की मोबाईल सगळाच आवाज खाली ओढतो. त्यात गायकाचा शब्द बुडतो आणि क्षणभराने पुन्हा वर येतो. ऐकताना गाण्याला दम लागल्यासारखे वाटते. बरेच मोबाईल मागची घरघर काढून टाकण्याचा प्रयत्न करतात, आणि पेटीचा धरलेला सूर ही त्यांना घरघरच वाटते! शिवाय मध्येच फोन वाजतो, बॅटरी संपते, आणि महिन्याभराने जागा कमी पडली की पहिली कात्री त्याच व्हिडिओवर चालते. ज्या कुटुंबाचा गाणारा माणूस गेला आहे, त्यांच्याकडे पाहा. वीसतीस सेकंदांच्या फाटक्या आवाजाच्या दोनचार क्लिपा असतात, आणि त्याही गाणे ऐन रंगात येण्याआधी तुटलेल्या.

म्हणून हातात मावणारा स्वतंत्र ध्वनिमुद्रक, ज्याला आपण सरळ रेकॉर्डर म्हणतो, तो घ्यावा. साध्या रेकॉर्डरची किंमत एखाद्या मध्यम मोबाईलइतकी असते. एका रात्रीच्या डीजेचे भाडे आणि ही किंमत कोणत्याही मंडळाने शेजारी शेजारी लिहून पाहावी. डीजेचा खर्च पहाटे संपतो, रेकॉर्डर पुढची कित्येक वर्षे कामाला येतो.

घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, आवाजाची पातळी हाताने ठरवता आली पाहिजे. आपोआप पातळी ठरवण्याची सोय असेल तर ती बंद करता यावी. हे नसेल तर ते यंत्र बैठकीच्या इतिवृत्तासाठी ठीक, गाण्यासाठी नको.

दुसरी गोष्ट, ते 'वेव्ह' प्रकारात टिपणारे असावे. एमपी३ मध्ये जागा वाचते, पण आवाजाचा बराचसा भाग कायमचा गाळला जातो. नंतर वेव्हवरून एमपी३ करता येते, एमपी३ वरून मूळ आवाज परत आणता येत नाही. मी कॉमर्सचा माणूस, म्हणून हिशोबच मांडतो. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट अशा चांगल्या दर्जाने दोन्ही बाजूंचा आवाज टिपला तर तासाला साधारण १ जीबी जागा लागते. ३२ जीबीच्या कार्डात सुमारे ३० तास बसतात. म्हणजे चार तासांचे सात कार्यक्रम सहज मावतील. जागेची काटकसर करण्याचे कारणच उरत नाही. कार्ड मात्र नामांकित कंपनीचे आणि खात्रीच्या दुकानातून घ्यावे, कारण बाजारात बनावट कार्डे फार आहेत.

तिसरी गोष्ट, बॅटरी. साध्या पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र आपल्या भागाला सोयीचे. सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. वीज गेली, जनरेटर बंद पडला, तरी यंत्र चालत राहते. आणखी एक फायदा असा की विजेच्या चार्जरवर यंत्र चालवून साऊंडच्या मिक्सरला जोडले तर पुष्कळदा सतत गुणगुण ऐकू येते. सेलवर चालवले की ती बहुधा जाते.

चौथी गोष्ट, हेडफोन लावून ऐकण्याची सोय. डोळ्यांना पडद्यावर आकडे दिसतात, पण वाऱ्याची फडफड आणि तारेची खरखर कानालाच कळते.

पाचवी गोष्ट, बाहेरून तार जोडण्याची सोय. साध्या यंत्रात लहान छिद्र असते. मोठ्या यंत्रात रंगमंचावरच्या माइकची जाड, तीन खिळ्यांची तार थेट बसते. अशा यंत्रात ४८ व्होल्टचा वीजपुरवठा माइकला देण्याची कळ असते. ती कंडेन्सर जातीच्या माइकसाठी आहे. गायकाच्या हातात असतो त्या नेहमीच्या माइकला तिची गरज नसते, म्हणून ती बंदच ठेवावी.

आता नावे. झूम कंपनीचा एच१एन (२०१८) आणि टास्कॅम कंपनीचा डीआर-०५एक्स ही साधी, खिशात मावणारी यंत्रे. पहिल्याचे माइक एकमेकांना काटकोनात बसवलेले असतात आणि ते समोरचा आवाज जास्त घेतात. दुसऱ्याचे माइक चारी बाजूंचा आवाज घेतात. मोकळ्या मैदानावरच्या गर्दीत पहिला प्रकार बरा. विहारात सगळे गोल बसून गात असतील तर दुसरा चालतो. टास्कॅमचा डीआर-४०एक्स मोठा आहे. त्यात स्वतःचे माइक आणि मिक्सरची तार असे दोन्ही एकाच वेळी, वेगवेगळ्या पट्ट्यांवर टिपता येते. २०२४ साली झूमची 'एसेन्शियल' मालिका आली. ती ३२ बिट फ्लोट पद्धतीने टिपते, त्यामुळे पातळी चुकली तरी आवाज नंतर संगणकावर सावरता येतो. नवशिक्या हाताला ही मोठीच सोय आहे. पण माइकलाही स्वतःची सहनशक्ती असते. १२० डेसिबलच्या आसपास बहुतेक लहान यंत्रांचे माइक हात टेकतात. डीजेच्या तोंडाशी ठेवलेल्या यंत्राला कुठलीही पद्धत वाचवू शकत नाही.

मंडळ लहान असेल आणि पैसे नसतील तर काय? तर मोबाईलच वापरा, पण शिस्तीने. विमान मोडवर टाका, वेव्हमध्ये टिपणारे ॲप घ्या, जमल्यास बाहेरचा माइक लावा आणि तो मोबाईल त्या रात्री दुसऱ्या कशालाही वापरू नका. दोनतीन गावांच्या मंडळांनी मिळून एक रेकॉर्डर घेतला तर अधिकच चांगले. आपल्याकडे भांडी आणि सतरंज्या समाजाच्या म्हणून विहारात असतातच. तसाच एक रेकॉर्डरही असावा.

यंत्र कुठे ठेवावे?

महागडे यंत्र चुकीच्या जागी ठेवले तर स्वस्त यंत्रापेक्षा वाईट टिपते. मंचासमोर मधोमध, आठदहा फुटांवर, बसलेल्या लोकांच्या डोक्यांच्या वर ते असावे. लहान तिपाई मिळते. नाहीतर मंडपाचा खांब आहेच, त्याला कापडाची घडी लावून बांधावे, म्हणजे खांबाचा हादरा यंत्रात उतरत नाही. कर्ण्याच्या किंवा स्पीकरच्या थेट समोर ठेवू नये. जनरेटर आणि पंखा यांच्यापासून लांब ठेवावे. उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी वारा सुटतो. त्यासाठी माइकवर स्पंजची किंवा केसाळ कापडाची टोपी घालावी. ही टोपी स्वस्त असते, पण तिच्यावाचून तासभराचे गाणे नुसत्या फडफडीत जाते.

साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट तार घ्यावी का? घ्यावी, पण केवळ तिच्यावर विसंबू नये. मिक्सरमध्ये ज्याच्यासमोर माइक आहे तेवढेच येते. गायक स्पष्ट येतो, पण ढोलकी, खंजिरी लांबून आल्यासारखी वाटते. कोरस बसलेला असतो त्याच्यापुढे माइक नसेल तर तो येतच नाही. आणि लोकांची दाद, टाळ्या, मधूनच उठणारा 'जयभीम'चा गजर, हे तर मुळीच येत नाही. भीमगीतांचा कार्यक्रम हा एकट्या गायकाचा नसतो, समोर बसलेल्या समाजाचाही असतो. म्हणून हवेतला आवाज आणि तारेतला आवाज दोन्ही टिपावेत आणि नंतर संगणकावर जुळवावेत. तार मिक्सरच्या 'रेकॉर्ड आऊट' किंवा 'लाइन आऊट'मधून घ्यावी आणि यंत्रावरही 'लाइन'ची निवड करावी. अँप्लिफायरच्या स्पीकरला जाणाऱ्या तारेतून कधीही घेऊ नये, यंत्र जळते. हे सगळे दुपारीच साऊंडवाल्या भाऊंना भेटून, चहा पाजून, नीट बोलून करावे. ऐन कार्यक्रमात त्यांना ऐकायला वेळ नसतो.

पातळी आणि पहारा

पडद्यावर आवाजाचा पट्टा वरखाली होताना दिसतो. त्याच्या शेवटी शून्य असते. पट्टा शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. म्हणून सर्वांत मोठी थाप पडेल तेव्हा पट्टा उणे १२ च्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी. लक्षात ठेवा, माइक तपासताना गायक राखून गातो. समोर हजार माणूस बसले आणि बाबासाहेबांचे नाव आले की तोच गळा दुप्पट चढतो. ती जागा आधीच मोकळी सोडावी. आवाज थोडा कमी टिपला गेला तर नंतर वाढवता येतो.

पाहुण्यांचे स्वागत, सत्कार आणि भाषणे चालू असतानाही यंत्र बंद करू नये. बंद केलेले यंत्र पुन्हा सुरू करायचे राहून जाते. यंत्रापाशी एक माणूस नेमावा आणि त्या रात्री त्याला दुसरे काम देऊ नये. हे काम कॉलेजात जाणाऱ्या मुलींना जरूर द्यावे. शांतपणे बसून कान लावणे त्यांना छान जमते, आणि मंडळाच्या कामात त्यांचा हात आला तर मंडळाचेच भले आहे.

परवानगी आणि नोंद

सुरू करण्याआधी गायकाला विचारावे. हा शिष्टाचार तर आहेच, कायदाही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि कलावंताला त्याच्या सादरीकरणावर हक्क मिळाला; आज हा हक्क ५० वर्षांचा आहे. स्वतः ऐकण्यासाठी किंवा अभ्यासासाठी टिपण्याला कायद्यात मोकळीक आहे. पण यूट्यूबवर टाकायचे, विकायचे, तर संमती हवी. एका कागदावर चार ओळी लिहून सही घ्यावी, आणि टिपलेल्याची एक प्रत गायकाला आठवणीने पोचवावी. आपले किती कलावंत आयुष्यभर गायले आणि स्वतःचा आवाज घरी ठेवण्याइतकाही त्यांना मिळाला नाही!

यानंतरचे काम कारकुनी आहे, आणि कारकून म्हणून मी ते सर्वांत महत्त्वाचे मानतो. गाणे सुरू होण्याआधी यंत्रासमोर आपल्या तोंडाने बोलावे: आज तारीख अमुक, गाव मालेगाव, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम, निमित्त अमुक, गायक अमुक, ढोलकीवर अमुक, पेटीवर अमुक. कागद हरवला तरी आवाजातच नोंद राहते. घरी आल्यावर फाइलला तारखेने नाव द्यावे, जसे '२०२५-०५-१२ बुद्धपौर्णिमा मालेगाव'. मग वहीत रकाने आखावेत: क्रमांक, तारीख, ठिकाण, गायक, गीतकार, गाण्याचा मुखडा, कितव्या मिनिटाला सुरू, संमती आहे की नाही. गीतकाराचा रकाना कधीही रिकामा सोडू नये. आपल्याकडे गाणे सर्वांच्या ओठांवर असते आणि लिहिणाऱ्याचे नाव कोणालाच ठाऊक नसते. नाव नसलेली शंभर रेकॉर्डिंग म्हणजे पत्ता नसलेली शंभर पत्रे.

नोंदीचे मोल किती, याचे महाराष्ट्रातलेच उदाहरण आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राइरकर यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीतरी ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या १९९६ साली टिपल्या गेल्या. प्रत्येक ओवीसोबत गाव आणि गाणारीचे नाव होते. म्हणूनच वीस वर्षांनंतर 'परी' या संस्थेच्या लोकांना त्या गावांत जाऊन बायांना पुन्हा भेटता आले. वस्तीतल्या साध्या बायांच्या ओव्या आज जगात कोणीही ऐकू शकतो. आपल्या घरच्या आजीची ओवी काय कमी मोलाची आहे? तिच्यासाठी मंडप नको, साऊंड नको. पंखा बंद करावा, दार लोटून घ्यावे, यंत्र तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवावे आणि तिला म्हणू द्यावे.

जपणूक

एकच प्रत म्हणजे काहीच नाही, असे समजावे. तीन प्रती कराव्यात: एक विहारातल्या संगणकावर किंवा हार्डडिस्कवर, एक कार्यकर्त्याच्या घरी, एक परगावच्या नातेवाइकाकडे. वर्षातून एकदा, समजा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवड्यात, तिन्ही उघडून ऐकाव्यात. व्हॉट्सॲपवर फिरणारी क्लिप ही प्रत नव्हे, तिथे दर्जा दाबला जातो.

घरातल्या जुन्या कॅसेटींचेही हेच. माळ्यावरच्या पेटीत असतील तर खाली काढा. मागची दोन लहान प्लास्टिकची पाने मोडून टाका, म्हणजे चुकून कोणी त्यावर दुसरे टिपणार नाही. बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट वाजवू नका, जाणकाराला दाखवा. चांगली असेल तर टेपरेकॉर्डरचे हेड साफ करून घ्या, त्याच्या हेडफोनच्या छिद्रातून रेकॉर्डरमध्ये तार घाला आणि एकदाच, पूर्ण, दोन्ही बाजू उतरवून घ्या. सी-९० कॅसेटला दीड तास लागतो. रविवारी दोन कॅसेटी झाल्या तरी वर्षात शंभर होतात.

तेव्हा यंदाच्या बैठकीत तरुणाने तो प्रश्न विचारला की त्याला खाली बसवू नका. खर्चाच्या वहीत मंडप, साऊंड, जेवण यांच्या खाली एक ओळ वाढवा: 'ध्वनिमुद्रण'. समोर रक्कम लिहा आणि जबाबदार माणसाचे नाव लिहा. आणि कार्यक्रमाची वाट न पाहता, गावात जो सर्वांत वयस्कर गाणारा किंवा गाणारी असेल, त्यांच्याकडे याच आठवड्यात जाऊन या. यंत्र नवे मिळेल, गळा नवा मिळत नाही.

जयभीम!